शून्य मिनिटांच्या घटना

माझा भाचा हल्ली त्याच्या कॉम्प्युटरवर एक बटण दाबतो, समोरच्या हजारो ओळींपैकी मूठभर ठेवून बाकीच्या नाहीशा करतो आणि मोठ्या ऐटीत सांगतो, "मावशी, फिल्टर लावला." मला हसू येतं. फिल्टर कसा लावायचा ते मला कुणी शिकवू नये. ऐंशीच्या सुमारास नागपुरात, रामदासपेठेतल्या एका दुमजली ऑफिसात मी दिवसभर तेच करत होते. आणि त्या कामात मी इतकी हुशार होते की त्या हुशारीचा मला अजून राग येतो.

काम सांगायला सोपं होतं. विदर्भात कुठे कुठे, केव्हा आणि किती वेळ वीज गेली, याचा अभ्यास आमच्याकडे चाले. प्रत्येक सबस्टेशनवर एक रजिस्टर असे. लाइन गेली की वेळ लिहायची, आली की वेळ लिहायची, कारण लिहायचं. आमची माणसं गावोगाव फिरून ती रजिस्टरं एका छापील फॉर्मवर उतरवून आणत. फॉर्मवर बारीक चौकोन, एका चौकोनात एकच अक्षर, तेही इंग्रजी आणि मोठ्या लिपीतलं, कारण पंचिंग मशीनला दुसरं काही येत नव्हतं. मग पंचिंगच्या बाई त्या फॉर्मवरून कार्डांना भोकं पाडत. एक कार्ड म्हणजे एक घटना. ऑफिसच्या भाषेत वीज जाण्याला घटनाच म्हणत.

कार्डावर ऐंशी घरं असत. पहिल्या साठांत तारीख, वेळ, मिनिटं, कारणाचा नंबर. शेवटची वीस घरं शेऱ्यासाठी. शेरा कुणीही वाचत नसे.

गठ्ठ्यातल्या कुठल्या घटना घ्यायच्या आणि कुठल्या सोडायच्या हे ठरवणारा प्रोग्राम माझा होता. गठ्ठ्याच्या डोक्यावर एक अटींचं कार्ड ठेवायचं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, आणि कमीत कमी पाच मिनिटं. पाच मिनिटांच्या आतलं साहेबांना नको असे. लाइट लपकला न् आला, त्याचा काय अभ्यास करायचा? अशा घटना प्रोग्राम बाजूला काढी आणि शेवटी त्यांची वेगळी यादी छापून देई, काही चुकून गळलं असेल तर दिसावं म्हणून. त्या यादीवर 'वगळलेल्या घटना' असं मी लाल पेन्सिलीने लिहून ठेवायची. ती वाचणारी मी एकटीच.

मशीनची खोली वातानुकूलित होती. चपला बाहेरच्या रॅकवर काढून आत जायचं. मे महिन्यात सगळ्या ऑफिसला त्या खोलीत अचानक महत्त्वाची कामं निघत आणि साहेब एकेकाला हाकलून देत. साहेब मद्रासकडचे. नागपुरात सहा वर्षं काढूनही ते मराठीच्या वाटेला गेले नव्हते. माणूस चांगला होता, पण कागदाच्या बाबतीत फार चिकट.

रजिस्टरं उतरवून आणणाऱ्यांत एक होता काटोलकडचा. घरी शेती, धाकटा भाऊ ती बघायचा. हा मोठ्या भावाकडे कोराडीच्या कॉलनीत राहायचा आणि तिथून बसने यायचा. उंच, सावळा, बोलणं थेट गावाकडचं. शिक्षण चांगलं होतं, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं, पण ऑफिसात आला म्हणून जीभ बदलावी असं त्याला कधी वाटलं नाही. मी नागपुरातल्या महाल भागात वाढलेली, घरी शुद्ध बोलायची सक्ती. त्याचं बोलणं ऐकायला मी त्याला उगाच प्रश्न विचारायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एकदा त्यानेच मला विचारलं, "मॅडम, तुमी ज्या घटना घेत नाही, त्या जातात कुठं?"

"यादीत छापून येतात."

"अन् ते यादी वाचते कोण?"

"मी."

"एकट्याच?"

"एकटीच. दुसरं कोण वाचणार?"

"बरं," म्हणाला आणि चपला घालून गेला.

दोन आठवड्यांनी त्याचे वर्ध्याकडचे फॉर्म पंच होऊन आले. वगळलेल्यांच्या यादीत एक घटना शून्य मिनिटांची. लाइन गेली दोन दहाला, आली दोन दहाला. पंचिंगमध्ये चुकलं असेल म्हणून मी पेन्सिल सरसावली आणि शेऱ्याच्या घरांत पाहिलं, तर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: पोचलो. खाली आणखी एक शून्य मिनिटांची: चहा पाणचट हाय. मी त्या थंडगार खोलीत एकटीच फिदीफिदी हसले. पंचिंगच्या बाई दार उघडून बघायला आल्या, "काय झालं वं? मशीन बिघडली का तू?"

तो परतल्यावर मी त्याला चपलांच्या रॅकपाशी गाठलं. "खोट्या नोंदी करता तुम्ही?"

"खोट्या कशा? लाइन शून्य मिनिटं गेली म्हणजे गेलीच नाही. मंग खरंच तर लिहिलं मी."

"आणि अहवालात आल्या म्हणजे?"

"कशा येतीन? पाच मिनिटांच्या खालचं तुमीच फेकता ना."

मी त्यात चूक काढायचा फार प्रयत्न केला. निघेना. अहवाल स्वच्छ, साहेब खूश, आणि माझ्या प्रोग्रामने टाकून दिलेल्या घटनांमध्ये वीस अक्षरांची एक चिठ्ठी फक्त माझ्यासाठी. वर्षभर हे चाललं. उमरेडहून: उंबर लय मोठा हाय; पुलगावहून: पान उंदरानं खाल्लं; आज ताप होता, आता नाही. मी उलट काही पाठवू शकत नव्हते. तो आला की रॅकपाशी चप्पल शोधण्याचं निमित्त करून मी उत्तर द्यायची, "ताप उतरला का?" एवढंच. दोन मिनिटांचं बोलणं, पण त्यासाठी मी आदल्या रात्री साडी ठरवून ठेवायची.

शून्य मिनिटांच्या घटनेलाही वेळ द्यावी लागे आणि तो खरी वेळ द्यायचा, चिठ्ठी लिहिली तेव्हाची. त्यामुळे मला कळे की मंगळवारी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी हिंगणघाटला बसलेल्या एका माणसाला माझी आठवण झाली. मग मंगळवारी अकरा पस्तीसला आपण काय करत होतो हे आठवत मी बसायची. वेड लागायचीच पाळी होती. मला तो आवडत होता. 'आवडत होता' हे सुद्धा ऑफिसातल्या मसुद्यासारखं सावध झालं. मला तो हवा होता.

मग तो चंद्रपूरकडे गेला. चार आठवड्यांसाठी म्हणून गेला आणि तिकडून परस्पर पुढे गडचिरोलीकडे पाठवला गेला, कारण दुसऱ्या माणसाला कावीळ झाली. फॉर्म एसटीच्या पार्सलने यायचे. पहिल्या पार्सलचे फॉर्म पंच झाले, मी गठ्ठा चालवला आणि नेमके त्या दिवशी साहेब प्रिंटरपाशी उभे. कागद भराभर बाहेर पडत होता आणि ते मान वाकडी करून बघत होते. वगळलेल्यांची यादी आली तसं त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ये मेल क्या है? लाइन में मेल-फीमेल कब से होने लगा?"

मी त्यांच्या बोटावरून वाकून पाहिलं. एम, ए, एल, ई. त्यांनी ते इंग्रजीत वाचलं होतं, पुरुष. मी पुढची अक्षरं वाचली.

मले आठवण येते.

वर्षभरात त्याने असं कधी लिहिलं नव्हतं. उंदीर, उंबर, चहा, सगळं लिहिलं होतं, हे नाही. आणि ते पहिल्यांदा वाचायचं माझ्या नशिबी आलं ते साहेबांच्या बोटाच्या दोन्ही बाजूंनी. माझे कान तापले. मी म्हटलं, "पंचिंग की गलती है सर." साहेब वरच्या ओळीकडे सरकत होते. तिथेही शून्य मिनिटंच होती. आता हा माणूस एकेक शून्य काढून विचारणार, मग फॉर्म मागवणार, मग अक्षर कुणाचं ते बघणार, अशी माझ्या डोळ्यांपुढे रांग लागली. आणि माझं डोकं, जे एरवी दुपारी तीनला झोपलेलं असायचं, ते लखलखीत चाललं. मी हिंदीतच सुचवलं, "सर, ही यादी आता छापायलाच नको. गळालेल्या घटनांचा नुसता आकडा छापू. कागद वाचेल."

कागद वाचेल! हे शब्द माझे. मला कुणी सांगितले नव्हते.

साहेब इतके प्रसन्न झाले की त्यांनी चहा मागवला. मी तिथल्या तिथे प्रोग्राममधली ती एक ओळ बदलली. आणि साहेब म्हणाले, त्या फील्डवाल्यालाही कळवून टाका, शून्य मिनिटांच्या नोंदी कशाला पाठवतो म्हणावं. पत्राचा मसुदा मी केला. आपण किती चतुर आहोत असं मला तो करताना वाटत होतं. त्याला सावध तर करायचं होतं, आणि ऑफिसच्या कागदावर याहून जास्त लिहिता येत नव्हतं. मी इंग्रजीत लिहिलं, "शून्य मिनिटांची घटना ही घटना म्हणून धरली जात नाही. यापुढे अशा नोंदी पाठवू नयेत." खाली साहेबांची सही, डाव्या कोपऱ्यात मसुदा करणारीची म्हणून माझी आद्याक्षरं. ती बघितल्यावर त्याला समजेल, साहेबांनी पाहिलं म्हणून ही जपून राहायला सांगते आहे. परत आला की रॅकपाशी दोघं पोट धरून हसू. मेल-फीमेलचं सांगायला तर मी अगदी आतुर झाले होते.

आणि मी ठरवूनही टाकलं होतं. तो आला की या वेळी चप्पल शोधायची नाही. सरळ सांगायचं, मलाही येते.

चार दिवसांनी दुसरं पार्सल आलं. पंच झालं, मी चालवलं. आता यादी नव्हती, तळाशी एक ओळ होती: वगळलेल्या घटना एक्केचाळीस. त्या आकड्यापुढे मी टिक केली. माझं पत्र त्याला मिळालं असेल, त्याने चिठ्ठ्या थांबवल्या असतील, या एक्केचाळीस म्हणजे खरोखरच्या लपकझपक असतील, असं मी धरून चालले. पार्सल आधी निघालं की पत्र आधी पोचलं, एवढा साधा हिशेब घटनांच्या वेळा तपासून पोट भरणाऱ्या बाईला सुचला नाही.

अडीच महिन्यांनी तो परत आला. मी नवी साडी नेसले होते. रॅकपाशी उभीच होते. तो जिना चढून आला, चपला काढल्या, पिशवीतून लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि वरची माझ्या हातात दिली.

"यायचं बरं का मॅडम. सगळ्या ऑफिसाले बोलावून राहिलो."

मी पत्रिका उघडली, मिटली. "अचानक?"

"अचानक कशाचं. तुमाले तर माहीत होतं," म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला. आवाजात राग नव्हता. अनोळखी माणसाशी बोलावं तसा नीट, सरळ आवाज. मला काय माहीत होतं? मी काय केलं होतं?

तो रजेवर गेला. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला गेल्यावर मी त्या तीन महिन्यांचा सगळा गठ्ठा कपाटातून काढला आणि अटींचं नवीन कार्ड केलं. जन्मात पहिल्यांदा मी उलटी अट घातली: मिनिटं शून्य असतील त्याच घटना घ्या, बाकी सगळ्या टाका. गठ्ठा मशीनमध्ये घातला आणि प्रिंटरपाशी उभी राहिले. हजारभर कार्डं सरसर गेली. कागदावर थोड्याच ओळी आल्या.

गरमी लय हाय. इथं वाघ हाय म्हणे. मले आठवण येते. मग दुसऱ्या पार्सलातल्या. घरी पोरगी पाहून, आणि खालच्या ओळीत, राहिले. एका घटनेत मावलं नव्हतं म्हणून त्याने दोन केल्या होत्या. मी नाही म्हटलं. आणि शेवटची, सकाळी आठ वाजून पाच मिनिटांची: तुमच्या घरी येऊ का.

इंग्रजीत ती बरोबर वीस अक्षरं होतात, मधल्या मोकळ्या जागा धरून. मी बोटाने मोजली. एकही घर रिकामं नव्हतं. प्रश्नचिन्ह घालायला जागाच उरली नव्हती.

त्यानंतर एकही शून्य नाही. महिनाभराचे, दीड महिन्याचे त्याचे फॉर्म, सगळ्या खऱ्याखुऱ्या घटना. त्याने विचारलं होतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या हातात माझी आद्याक्षरं असलेला कागद पडला होता, शून्य मिनिटांची घटना ही घटना म्हणून धरली जात नाही. यापुढे पाठवू नयेत. याहून चोख नकार कुणी कुणाला दिला नसेल.

पंचिंगच्या बाईंना मी विचारलं, हे पंच करताना तुम्हाला काही वाटलं नाही? त्या म्हणाल्या, "मी वाचून पंच करत असते, तं दिवसाचे शंभर कार्डं तरी झाले असते का वं?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आपला रुमाल पुढे केला.

लग्नाला चार दिवस होते. मी दुपारी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि कोराडीची बस पकडली. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ करत होते. तुमची चिठ्ठी मी वाचलीच नव्हती. यादी बंद केली होती. साहेबांनी बघितलं होतं. दर वेळी ते जास्तच बावळटासारखं वाटत होतं, पण खरं होतं आणि खरं सांगायला मी निघाले होते. कॉलनीत क्वार्टर शोधायला विचारावं लागलं नाही. दारापुढे मांडवाचे बांबू रोवले होते. चार-पाच बायका परातीत काही निवडत बसल्या होत्या आणि त्यांतली एक, बहुधा वहिनी, मोठमोठ्याने नव्या मुलीचं कौतुक सांगत होती, पोरगी हसते लय गोड, म्हणे. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. ती मुलगी मला दिसू लागली. तिच्या घरीही असेच बांबू रोवले असतील. तिला कुणीतरी हो म्हटलं होतं, मोकळेपणानं, सगळ्यांसमोर, आणि ती गोड हसत बसली असेल. मी परतीच्या बसने निघाले. मी मोठं मन दाखवलं असं कुणाला वाटलं तर तसं नाही. निम्मं ते होतं, निम्मी सरळसरळ भीती होती. अजूनही मला त्यातलं नेमकं किती काय ते सांगता येत नाही.

लग्नाला ऑफिसचे सगळे गेले, मी नाही. तो पुढे वर्षभराने दुसरी नोकरी धरून गेला. माझं लग्न झालं, अमरावतीच्या माणसाशी, आणि ते चांगलं झालं. माझ्या नवऱ्याविषयी मला एक शब्द वाकडा बोलायचा नाही. पण जे होतं ते बऱ्यासाठीच होतं असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. काही गोष्टी बऱ्यासाठी होत नाहीत. त्या कागद वाचवण्यासाठी होतात.

चार-पाच वर्षांनी मी माहेरी आले असताना रामदासपेठेत, डोळ्यांच्या एका दवाखान्यासमोर, तो दिसला. कडेवर लहानगी पोर, तिच्या हातात बिस्किट. बायको आत नंबर लावून बसली होती. मी पुढे निघून जावं की काय असा विचार करते आहे तोवर त्यानेच हाक मारली, "मॅडम! ओळखलं का जी?"

आम्ही बोललो. घर, शेती, भाऊ, साहेबांची बदली. मग पोरीच्या फ्रॉकवरचा चुरा झटकत तो म्हणाला, "एक बोलू का? तवा लय राग आला होता तुमचा. गडचिरोलीत तो कागद फाडून फेकला होता मी. ऑफिसच्या कागदावर काहून नाही म्हणा लागते, म्हटलं. मंग हळूहळू समजलं. तुमी सरळ नाही म्हटलं असतं, तं मी आणखी दहा वेळा इचारलं असतं. ऑफिसात बोभाटा झाला असता. तुमी असं लिहिलं, का साहेबालेही पत्ता लागला नाही. माही इज्जत ठेवली तुमी." तो हसला. "मी बायकोलेही सांगितलं, एक बाई होती, लय समजदार होती."

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. मी वाचलंच नव्हतं. कोराडीच्या बसपासून ते तयार होतं. कितीदा तरी भांडी घासताना, केस विंचरताना मी ते याच माणसाला म्हणून दाखवलं होतं. म्हटलं असतं तर माझ्या छातीवरचा दगड उतरला असता, आणि तो कुणाच्या छातीवर जाऊन बसला असता ते समोर दिसत होतं. पोरगी बिस्किट चघळत माझ्याकडे टकामका बघत होती. दवाखान्याच्या दारातून त्याची बायको हातात चिठ्ठी घेऊन बाहेर येत होती, आणि हसते गोड हे वहिनीनं खोटं सांगितलं नव्हतं.

"विचार करूनच लिहिलं होतं," मी म्हणाले.

"वाटलंच मले," तो म्हणाला, आणि बायकोच्या हातातली चिठ्ठी घ्यायला वळला.